फिटर बाईंची निळी साडी

मी आयुष्यात पहिल्यांदा हुशार ठरले ते एका लाँड्रीवाल्याच्या चुकीमुळे. त्याआधी वीस वर्षं मी बरीच मेहनत करून पाहिली होती, पण ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मुंबईत नर्सिंगचा कोर्स पुरा करून मी अंबरनाथला, स्टेशनच्या पश्चिमेला असलेल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले होते. बारा खाटा, एक डॉक्टर, एक मोठ्या सिस्टर, दोन आया आणि मी, एवढाच कारभार. डॉक्टर कल्याणहून येत, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास, आणि तेवढ्या वेळात रोग्यापेक्षा त्याच्या केसपेपरकडेच जास्त बघत. गावात कारखाने भराभर उभे राहत होते आणि कामगारांची बोटंही तितक्याच भराभर यंत्रात सापडत होती, त्यामुळे आमच्या खाटा कधी रिकाम्या नसत.

माझं नर्स होणं वडिलांना मुळीच पसंत नव्हतं. ते बदलापूरला प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात पुष्कळ रडारड झाल्यावर त्यांनी मास्तराला शोभेल असा तोडगा काढला. दवाखान्यात माझी सहा महिन्यांची उमेदवारी होती. सहा महिन्यांनी ट्रस्टने मला कायम केलं आणि तसा कागद मी आणून दाखवला, तर ते पुन्हा एक शब्द बोलणार नव्हते. नाही केलं, तर मी गुपचूप घरी यायचं आणि कल्याणच्या स्थळाला होकार द्यायचा. कल्याणचं स्थळ मी पाहिलं होतं. दर वाक्याआधी तो घसा साफ करायचा, आणि वाक्य ऐकलं की वाटायचं, नुसता घसाच साफ केला असता तरी चाललं असतं. मला तो कागद हवा होता. इतका की उमेदवारीचा एकेक दिवस मी कॅलेंडरवर पेन्सिलीने खोडत होते.

ट्रस्टवाले कागद देणार होते ते मोठ्या सिस्टर काय सांगतात त्यावर. मोठ्या सिस्टर पंचेचाळिशीच्या, भरल्या अंगाच्या, वीस वर्षं नोकरी झालेल्या. त्यांच्या पांढऱ्या साडीला इतकी कडक खळ असे की त्या यायच्या आधी त्यांची साडी ऐकू यायची. व्हरांड्यात तो करकर आवाज झाला की पुरुषांच्या वॉर्डात सगळ्या विड्या एकदम विझत. त्या फार कमी बोलायच्या आणि हसताना तर मी त्यांना पाहिलंच नव्हतं. पण त्यांचा हात असा होता की शिरेत सुई घालायची असेल तर डॉक्टरही बाजूला होत. रबरी नळी दंडाला बांधायची, दोन बोटांनी चाचपायचं, आणि रोगी "आई गं" म्हणायच्या तयारीत असतानाच काम झालेलं असायचं.

माझा हात याच्या बरोबर उलट. कमरेत इंजेक्शन द्यायचं तर मी देत होते. दुखायचं, पण जायचं. शीर मात्र मला सापडायची नाही. सुई जवळ नेली की माझी बोटं थरथरायची आणि शीर आपली बाजूला सरकायची, जणू तिलाही माझ्याबद्दल माहिती मिळाली होती. परीक्षेत मी कशी पास झाले हे मला आणि त्या गरीब परीक्षकालाच ठाऊक, कारण त्याच्या पोटात त्या दिवशी दुखत होतं आणि तो अर्धा वेळ बाहेर होता. अंबरनाथला आल्यापासून शिरेचं काम निघालं की मी काहीतरी उकळायला निघून जात असे. आमच्याकडची भांडी त्या काळात फार स्वच्छ होती.

दवाखान्याचे कपडे धुवायला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये जायचे. तिथे जुन्या लष्करी बराकींमध्ये सिंधी कुटुंबं राहत होती आणि प्रत्येक बराकीत काहीतरी नवा धंदा चालू होता. आमच्या लाँड्रीवाल्याचं सिंधमध्ये भुसार मालाचं दुकान होतं. कपडे धुण्याची विद्या तो इथे आल्यावर, आमच्याच कपड्यांवर शिकत होता. माणूस फार प्रेमळ. सायकलवर गाठोडी लादून तो स्वतः यायचा आणि आम्हा सगळ्यांना, अगदी मोठ्या सिस्टरनाही, "अदी" म्हणायचा. अदी म्हणजे ताई. मोठ्या सिस्टरना ताई म्हणणारा तो अख्ख्या अंबरनाथ-उल्हासनगरात एकटाच.

माझ्या तिन्ही साड्या हलक्या कापडाच्या होत्या आणि पिवळट पडल्या होत्या. त्या बघून त्याला माझी दया आली. पुढच्या खेपेला आपण हिच्या साड्यांना जरा जास्त नीळ देऊ, असं त्याने मनाशी ठरवलं. नेमकी त्या दिवशी त्याची नीळ संपली. शेजारच्या बराकीत एकजण कापडं रंगवायचा. त्याच्याकडून याने पुडी मागून आणली आणि ती निळीसारखी दिसते म्हणून निळीच्या हिशेबाने, वर माझ्यासाठी म्हणून आणखी एक मूठ, अशी टाकली. ती नीळ नव्हती, पक्का रंग होता. गाठोडं सोडून त्याने माझ्या तीन साड्या मोठ्या अभिमानाने टेबलावर मांडल्या.

"देखो अदी," तो म्हणाला, "ऐसा रंग पूरे कॅम्प में किसी का नहीं."

ते अगदी खरं होतं. मी सोडा लावून पाहिला, लिंबू चोळून पाहिलं, तीन दिवस उन्हात वाळत घातल्या. साड्या आणखी उजळ निळ्या झाल्या. दुसऱ्या साड्या मिळायला दोन महिने लागणार होते. मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, नेस, काय करणार. त्या "काय करणार"मध्ये माझी उमेदवारी जवळजवळ संपली असं मला वाटलं. त्या रविवारी बदलापूरला गेले तर आईला मात्र साडी फार आवडली. दिवसभर पांढऱ्यात वावरणारी मुलगी तिला बघवत नव्हती. आता दवाखान्याला थोडी अक्कल आली, असं तिचं मत पडलं.

सोमवारी सकाळी मी निळ्या साडीत पुरुषांच्या वॉर्डात गेले आणि काहीतरी बदललं होतं. लोक माझ्याकडे बघत होते. म्हणजे तसं नव्हे. कामाच्या माणसाकडे बघतात तसं बघत होते.

सात नंबरच्या खाटेवर साताऱ्याकडचा एक पन्नाशीचा फिटर होता. पायावर तापलेलं लोखंड पडून जखम चिघळली होती, आणि त्याला दिवसातून चारदा पेनिसिलिनचं इंजेक्शन होतं. ते रोज मोठ्या सिस्टर देत. त्या दिवशी त्या सुई घेऊन गेल्या तर त्याने त्यांना हात जोडले.

"आवो मॅडम, तुमी कशाला तरास घेता? त्या निळ्यावाल्या बाईस्नी धाडा की."

मोठ्या सिस्टरना वाटलं तापाने बरळतोय. त्यांनी थर्मामीटर लावला, ताप नव्हता. मग त्याने फार अदबीने सगळं समजावून सांगितलं. कारखान्यात पांढरे कपडे म्हणजे साहेब. साहेब दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरतात, यंत्राकडे बघून मान हलवतात आणि कागदावर सही करतात. त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. सही कुणीतरी करायलाच पाहिजे. पण साहेबाने यंत्राला हात लावला की यंत्र दोन दिवस बंद, हा त्याचा तीस वर्षांचा अनुभव. खाकी कपडे म्हणजे हमाल. निळी डांगरी घालतो तो फिटर, आणि बिघडलेलं दुरुस्त करणं हे फक्त फिटरचं काम. इतके दिवस दवाखान्यात फिटरच नाही हे बघून तो मनातून घाबरला होता म्हणे. आता एक आलेली दिसते, तर कशाला धोका पत्करायचा.

दुपारपर्यंत हे म्हणणं वॉर्डातल्या सगळ्या खाटांना पटलं. टर्नर, बॉयलरवाला, पॅकिंगवाला, सगळे त्याच कपड्यांच्या शाळेत शिकलेले. मोठ्या सिस्टर आल्या की ते गादीवर नीट बसून मान झुकवायचे आणि त्यांच्यापुढे सहीसाठी काहीतरी कागद धरायचे. एकाने तर रेशनकार्ड धरलं. सुई दिसली की मात्र सगळे मला हाका मारायचे.

आणि माझं इंजेक्शन दुखायचं. ते दुखू नये म्हणून मी देवाची प्रार्थना करायचे, पण देवालाही शीर सापडत नसावी. गंमत अशी की दुखलं तेवढं माझं नाव झालं. सात नंबर डोळ्यातलं पाणी पुसत शेजाऱ्याला सांगायचा, बघितलंस, आवळला की नट कुरकुरतोच, ह्याला म्हणायचं काम. मोठ्या सिस्टरची सुई कळायचीसुद्धा नाही. त्यावर वॉर्डाचं म्हणणं, काही केलंच नाही तर कळणार कसं.

त्या काळी सुया फेकून देत नसत. त्या उकळायच्या आणि बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. हे मी करत बसले होते तर सात नंबरला राहवेना. हे फिटरने फिटरकडून करून घ्यायचं काम, असं म्हणून त्याने माझ्या हातातून दगड घेतला. पाय उशीवर, दगड मांडीवर, अशा थाटात त्याने दवाखान्यातल्या सगळ्या सुया घासल्या आणि एकेक सुई अंगठ्याच्या नखावर लावून पारखली. खरं सांगते, तशी धार मला नंतर कधीच मिळाली नाही. तरीसुद्धा माझं इंजेक्शन दुखायचंच.

मला हे सगळं आवडत होतं, हे कबूल करायला हवं. वीस वर्षांत मला कुणी "तुम्हीच पाहिजे" म्हटलं नव्हतं. मी जरा छाती काढून चालायला लागले. एकदा औषधांच्या कपाटाशी मोठ्या सिस्टरना नुसत्याच उभ्या पाहिलं. हातात सुईचा डबा होता आणि कुठे जायचं ते ठरत नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटूनही मी छाती आत घेतली नाही. त्या वयात माणूस जरा दुष्टच असतो.

मग सात नंबरने कोल्हापुरी मिसळ खाल्ली. त्याचा मेहुणा भेटायला आला होता, त्याने ती धोतराच्या सोग्यात लपवून आणली, डब्यातून, वर ताक. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सात नंबरला इतके जुलाब झाले की दुपारी त्याचे डोळे खोल गेले आणि हातपाय गार पडायला लागले. डॉक्टर सकाळी बघून, उतार पडला नाही तर सलाइन लावा, असं सांगून कल्याणला गेले होते. सलाइन लावायचं म्हणजे शीर पाहिजे. मोठ्या सिस्टर बाटली घेऊन आल्या तर त्या अवस्थेतही त्याने हात पांघरुणाखाली घेतला. त्यांनी रागावून पाहिलं, आयांनी हात धरून पाहिला. तो अशक्त होता, पण हात घट्ट आवळून बसला आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिला, "निळ्यावाल्या बाई."

मोठ्या सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. त्याने लगेच हात बाहेर काढून माझ्यासमोर सरळ ठेवला. नळी बांधली, चाचपलं. पाणी कमी झाल्याने शिरा आत बसल्या होत्या. मी एकदा सुई घातली, काही नाही. दुसऱ्यांदा घातली, काही नाही; नुसती हिरवी-काळी गाठ उठली. तो डोळे मिटून पुटपुटला, "घाई करू नगा बाई. कवा कवा नट बसत न्हाई." तो मला धीर देत होता, आणि मला लख्ख दिसत होतं की हा माणूस माझ्यामुळे मरेल.

मी व्हरांड्यात येऊन मोठ्या सिस्टरना म्हणाले, मला येत नाही. कोर्स झाल्यापासून एकदाही आलेलं नाही. हे बोलताना कागद, कायम होणं, वडील, कल्याणचा घसा, सगळं डोळ्यांपुढून गेलं, पण खोटं बोलायला वेळच नव्हता.

त्या एवढंच म्हणाल्या, "साडी सोड."

कपड्यांच्या खोलीत दोन मिनिटांत आम्ही साड्या बदलल्या. माझी निळी साडी त्यांना घेराला अपुरी पडली, निऱ्या जेमतेम दोन आल्या. त्यांची पांढरी साडी मला इतकी मोठी आणि इतकी कडक की ती मला नेसली होती म्हणावं. त्या तशाच वॉर्डात गेल्या आणि मी मागोमाग. मला वाटलं, आता हा ओळखणार. निळी साडी येण्याआधी पंधरा दिवस याच बाईने त्याला दिवसातून चारदा सुया टोचल्या होत्या.

त्याने डोळे किलकिले करून निळी साडी पाहिली आणि हात पुढे केला. तोंडाकडे त्याने पाहिलंच नाही. मग मागे मी दिसले, पांढऱ्या साडीत, हात थरथरताना कुणाला दिसू नयेत म्हणून पाठीमागे बांधलेले. त्याने त्या स्थितीत मला सलाम केला.

मोठ्या सिस्टरनी पहिल्या फटक्यात शीर धरली. बाटलीतून थेंब पडायला लागले. संध्याकाळी त्याने पाणी मागितलं आणि रात्रीच्या जेवणाच्या आधी तो मेहुण्याला शिव्या देण्याइतका बरा झाला.

मला वाटलं आता साड्या परत बदलायच्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुझा हात बसेपर्यंत निळी मी. त्यांचं बरोबर होतं. हे लोक सुई निळीकडूनच घेणार असतील तर निळीच्या आत ज्याला येतं तोच माणूस असायला हवा. माझ्या तीन साड्या त्यांनी घेतल्या आणि त्यांच्या तीन मला दिल्या. डॉक्टरांना फरक कळला नाही. त्यांनी आपला पांढऱ्या साडीच्या हातात कागद द्यायला सुरुवात केली, आणि तीन दिवस मला महत्त्वाच्या सूचना मिळत राहिल्या. लाँड्रीवाल्याला मात्र पहिल्या दिवशीच कळलं. तो सायकलवरून उतरला, आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि "दोनों अदी को अच्छा लगता है" म्हणून गाठोडी उतरवायला लागला.

मोठ्या सिस्टर मात्र बदलल्या. पांढऱ्यात असताना त्यांच्याशी कुणी जादा शब्द बोलत नसे. आता बोटं तुटलेले, पाय भाजलेले पुरुष त्यांना बायकोच्या तक्रारी, गावाकडची भांडणं, पोरीचं लग्न, सगळं सांगायला लागले. सात नंबर त्यांना फोरमनच्या नकला करून दाखवायचा. एकदा मी व्हरांड्यातून ऐकलं तर आत कुणीतरी खदखदून हसत होतं. आत जाऊन पाहते तर त्या. मी दारात दिसताच सगळे चूप झाले आणि बॉयलरवाल्याने विडी विझवली. पांढऱ्या साडीचा असा परिणाम माझ्यावरही झाला. मला थोडं एकटं वाटलं.

उमेदवारी संपायला महिनाभर राहिला असताना ट्रस्टचे अध्यक्ष आले. ते नुकतेच अध्यक्ष झालेले, मुंबईचे शेठ, दवाखाना पहिल्यांदाच बघत होते. दारातच त्यांनी पांढऱ्या कडक साडीला, म्हणजे मला, वाकून नमस्कार केला. तुमचं नाव फार ऐकलंय, म्हणाले. मी तोंड उघडेपर्यंत ते वॉर्डात शिरलेही. पलीकडच्या टोकाला मोठ्या सिस्टर पाठमोऱ्या, कुणाचं तरी ड्रेसिंग करत होत्या. शेठजींनी खिशातून कागद काढला. तो माझा कायम होण्याचा अर्ज होता. त्यांनी हळूच विचारलं, नवीन मुलगी कशी आहे. मी कागदावरचं माझंच नाव वाचत होते. मग त्यांनी निळ्या साडीकडे पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, वयाने जरा थोराड दिसते नाही? मी म्हणाले, हो, थोडी. ते अगदी खरं उत्तर होतं.

तेवढ्यात सात नंबरने स्वतःहून साक्ष दिली. "एक नंबर हाय, शेठ. हात न्हाई त्यो, मशीन हाय. मरत हुतो, वाचिवलं." शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. याहून प्रामाणिक वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नाही. शेठजींना माझा मोठेपणा फार आवडला. त्यांनी तिथेच माझ्या अर्जावर "कायम करावे" लिहून सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि चहा न घेता गेले.

मी कागद घेऊन उभी राहिले. पाच महिने ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो हातात होता, आणि तो घेऊन बदलापूरला जायला पाय उचलत नव्हते. तो माझा नव्हताच. मी मोठ्या सिस्टरकडे गेले आणि सगळं सांगितलं, वडिलांच्या अटीपासून थोराडपर्यंत. त्या इतक्या हसल्या की भिंतीला धरावं लागलं. मग त्यांनी कागद घेतला, टेबलाच्या खणात टाकला आणि कुलूप लावलं.

"शीर सापडली की घेऊन जा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रोगी झोपल्यावर, त्यांनी मला कपड्यांच्या खोलीत बोलावलं. बाकावर बसल्या, बाही वर केली आणि हात माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं चेष्टा करतायत. टोच, म्हणाल्या. मी संत्र्यावर शिकते म्हणाले. संत्रं ओरडत नाही म्हणून तू शिकत नाहीस, त्या म्हणाल्या, आणि स्वतः एकदाही ओरडल्या नाहीत. मी चुकायचे, त्या नुसतं "परत" म्हणायच्या. रोज दोनदा. डावा हात झाला की उजवा. आठवड्याभरात त्यांचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे झाले. भर मे महिन्यात त्यांनी शिंप्याकडून मनगटापर्यंत लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि घामाने डबडबून कामं करू लागल्या. वॉर्डात त्यावर बरीच चर्चा झाली. सात नंबरने निकाल दिला की पूर्ण बाह्या वेल्डिंगवाले घालतात, तेव्हा बाईंना बढती मिळालेली आहे. ते सगळे त्यांचं अभिनंदन करून गेले. मी बाजूला उभी होते आणि माझ्याच्याने हसवत नव्हतं.

त्या रविवारी मी घरी गेले नाही, पुढच्या रविवारीही नाही. वडिलांना काय तोंड दाखवणार? ड्यूटी आहे असं कळवत राहिले. उमेदवारीचे चार दिवस उरले होते.

गुरुवारी दुपारी मी नळी बांधली, चाचपलं, आणि पहिल्यांदाच बोटाखाली काहीतरी परत उसळलं. मी सुई घातली. पिचकारीत रक्ताचा एक लहानसा धागा आला. माझा विश्वास बसेना, मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे काय बघतेस, नळी सोड. मग म्हणाल्या, हा नशिबाचा भाग असू शकतो, आणि दुसरा हात पुढे केला. तोही लागला.

मी कापूस दाबून धरला आणि म्हणाले, आता कागद द्या.

"कागद कुठे आहे इथे?" त्या म्हणाल्या. "तो मी त्याच दिवशी खालती माझं मत लिहून तुझ्या वडिलांना पोस्टाने पाठवला. त्यांचं उत्तरही आलंय."

म्हणजे वडिलांना तीन आठवडे माहीत होतं. कल्याणला नकारही कळवून झाला होता. मी कायम झाले होते, सगळ्यांना ठाऊक होतं, एक माझ्याशिवाय. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्यातला एकेक डाग मी केलेला होता.

"मग हे इतके दिवस कशाला सोसलंत?"

"नाहीतर तू शिकली असतीस?"

मी नाही म्हणाले, आणि लहान मुलीसारखी रडायला लागले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग बाह्या खाली ओढून बटणं लावत म्हणाल्या की चार नंबरला सलाइन लावायचंय, जा, लाव. मी डोळे पुसत विचारलं की साड्या बदलायच्या का, माझ्या अंगावर तर पांढरी आहे. त्या म्हणाल्या, नेसली आहेस ना काहीतरी, मग जा.

चार नंबरला काल आलेला एक टर्नर होता. पांढरी साडी सुई घेऊन येताना बघून तो दचकून उठून बसला आणि हात जोडू पाहत म्हणायला लागला की मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, त्या निळ्यावाल्या बाईंना बोलवा की. त्याचं वाक्य संपलं तेव्हा बाटलीतून थेंब पडत होते, आणि तो अजून हात जोडायच्या बेतातच होता.